आधी आसन, मग फॅशन

रुंद पायांच्या जीन्सचे सध्या चार प्रकार बाजारात आहेत. गुडघ्यापर्यंत अंगाबरोबर आणि तिथून खाली पसरत जाणारी ती फ्लेअर. सीटपासून थेट सरळ खाली पडणारी ती वाइड लेग. बसायच्या जागीही ऐसपैस असते ती बॅगी. आणि गुडघ्याशी बाहेर फुगून घोट्याशी पुन्हा आत येणारी ती बॅरल. विकणारा चारही प्रकार 'बॅगी' म्हणून विकतो, घेणारी 'बॅगी' म्हणूनच घेते, आणि मग नारायण पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या जिन्याखाली अल्टरेशनचं मशीन मांडून बसलेल्या काकूंना विचारावं लागतं, "हिचं नक्की काय करायचंय?"

काकू हे उगाच विचारत नाहीत. वाइड लेग खालून तीन इंच कमी केली तरी तिचं काही बिघडत नाही. फ्लेअरचा सगळा डौल गुडघ्याखाली असतो. खालून तीन इंच गेले की उरलेली पँट ना धड सरळ, ना धड पसरट. त्यातून ती आधीच लांब असेल तर तिचा 'गुडघा' घालणारीच्या पोटरीवर येतो, आणि तो वर सरकवायचा तर पूर्ण पाय उसवावा लागतो. बॅरलची तऱ्हा वेगळी. ती खाली निमुळती होत आलेली असल्यामुळे कापली की मोहरी रुंद होते आणि आतल्या शिलाईतून पुन्हा निमुळती करून घ्यावी लागते. तेव्हा दुकानात रंग आणि किंमत बघायच्या आधी आपल्या हातात चारांपैकी कोणती आहे, एवढं ओळखलं तरी निम्मा खर्च वाचतो.

या भागात स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुलंमुली खूप. खोलीचं भाडं, मेस आणि अभ्यासिकेची फी भागवून उरलेल्या पैशांत कपडे घ्यायचे, ते तुळशीबागेत, डेक्कनच्या हाँगकाँग लेनमध्ये नाहीतर मोबाइलवर. लांबी-रुंदी त्यात कुणाचीच जुळत नाही, म्हणून गर्दी काकूंकडे. माझं काम झालं तरी मी तिथल्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर रेंगाळते. 'स्वस्तात ट्रेंडी कसं दिसावं' यावरचे सल्ले मी पुष्कळ वाचलेत. बेल्ट लावा, स्कार्फ घ्या, आत्मविश्वासाने वावरा वगैरे. आत्मविश्वास ठीक आहे, पण पँट मांडीत रुतत असेल तर तो फार वेळ टिकत नाही.

स्वस्त कपडा स्वस्त कसा होतो, हे काकूंच्या टेबलावर उघडं पडतं. पहिली काटछाट कापडात. कारखान्यात कापडाचे थरावर थर लावून एकदम कापतात. कमी कापडात जास्त नग बसवायचे तर नमुना किंचित तिरका मांडतात, म्हणजे पँटचा पाय कापडाच्या उभ्या धाग्याला धरून येत नाही. डेनिमची वीण मुळातच तिरपी, त्यात हा तिरकेपणा, त्यामुळे धुतल्यावर पाय पीळ खातो आणि बाजूची शिलाई फिरून नडगीवर येते. काकू नवी पँट कमरेच्या दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून हवेत सोडतात आणि शिलाया सरळ खाली येतात का बघतात. येत नसल्या तर म्हणतात, "हिला पीळ आहे. परत करता आली तर बघ." त्यावर इलाज नाही. ही परीक्षा दुकानात उभ्या उभ्या करता येते, फुकट असते, तरी आजवर मी कुणालाही ती करताना पाहिलेलं नाही.

दुसरी काटछाट शिलाईच्या आत. ओळखीच्या शिंप्याने शिवलेल्या ब्लाउजला दोन्ही बाजूंना चांगली इंचभर माया असते, लग्नानंतर अंग भरलं तरी उसवून वाढवता येतं. बाजारातल्या स्वस्त टॉपला ओव्हरलॉकच्या दोऱ्यापलीकडे पाव इंचही सापडत नाही. म्हणून दोन मापांमध्ये अडलात तर मोठं घ्या. मोठं लहान होतं. लहान मोठं करायला आत काही असावं लागतं.

आणि तिसरी काटछाट आसनात. कमरपट्टीपासून दोन पाय जुळतात तिथपर्यंतची जी उंची, ते आसन. गेली काही वर्षं उंच कमरेची पँट चालली, आता दोन हजारच्या दशकातली खालच्या कमरेची पुन्हा डोकावू लागली आहे, आणि दोन्हींत फसगत होते ती इथेच. आसन कमी पडलं की समोर आडव्या चुण्या ओढल्या जातात. जास्त झालं की कापड मध्येच लोंबतं आणि पाय आखूड दिसतात. लोंबणारं आसन थोडंफार वर घेता येतं. कमी पडलेल्या आसनात कापड आणायचं कुठून? काकूंच्या लेखी पँटमध्ये आधी आसन बघायचं, मग बाकीची फॅशन. बसून बघायचं, उभं राहून नाही.

तुळशीबागेत बसून बघणार कुठे, हा प्रश्न रास्त आहे. तिथे पूर्वापार चालत आलेली युक्ती म्हणजे पँटची बंद कमर गळ्याभोवती गुंडाळायची. दोन टोकं मानेमागे टेकली तर कंबर बसणार. त्यातून कमरेचा अंदाज येतो, आसनाचा नाही. काकूंची युक्ती मला जास्त पटते. घरात जी पँट सगळ्यात चांगली बसते तिचं पुढचं आसन वितीने मोजून ठेवायचं. एक वीत आणि चार बोटं, एक वीत आणि दोन बोटं, जे असेल ते. वीत बरोबर असतेच, टेप न्यावी लागत नाही, आणि दुकानदाराला कळतही नाही की आपण मोजतोय.

जीन्सची लांबी कमी करणं हे काकूंकडचं सगळ्यात जास्त येणारं काम, आणि बघण्यासारखंही. नव्या जीन्सच्या काठावर झिजल्यासारखा फिका रंग असतो, तो कारखान्यातल्या धुलाईत आलेला. डेनिमचा उभा धागा निळा आणि आडवा पांढरा. निळाही आतपर्यंत रंगलेला नसतो, रंग वरवर बसलेला असतो. त्यामुळे जिथे कापड जाड आणि वर आलेलं, तिथे ते घासून पांढुरकं होतं. हा काठ कापून नवा दुमडला की खाली एकसारखी गडद पट्टी दिसते, आणि पँट आखूड करून घेतल्याचं रस्त्याच्या पलीकडून कळतं. म्हणून काकू मूळ काठ टाकत नाहीत. तीन इंच कमी करायची असेल तर पाय बाहेरून वर दुमडतात आणि काठाच्या शिलाईपासून दुमडीपर्यंत दीड इंच ठेवतात. दुमडीत कापड दुहेरी येतं, दीडाचे तीन होतात. मग काठाच्या टिपेला अगदी चिकटून, पण काठावर चढू न देता गोल टीप मारायची. बाजूच्या जाड शिलाईशी थरावर थर येतात आणि तिथे सुई मोडते. काकू आधी ती जागा लाकडी ठोकळ्यावर ठेवून हातोडीने चेपतात, अठरा नंबरची सुई लावतात आणि तेवढे चार टाके पायडल न मारता चाक हाताने फिरवून घालतात. नंतर काठ खाली उलटवला की नवी टीप त्याच्या वरच्या खाचेत लपते. आतलं जादा कापड कापून ओव्हरलॉक, वरून गरम इस्त्री. फ्लेअरला मात्र हे जसंच्या तसं जमत नाही. जुना काठ रुंद आणि तीन इंच वरचा पाय अरुंद, म्हणून काठालाच बाजूला थोडं आत घ्यावं लागतं.

हे करण्याआधी काकू दोन गोष्टी विचारतात. एक, धुतलीय का? सुती डेनिम पहिल्या पाण्यात आटतं, न धुतलेली पँट त्या हातात घेत नाहीत. दोन, कशावर घालणार? सपाट चपलेवर आणि जाड तळाच्या बुटावर एकच लांबी चालत नाही. टाचेशी जमिनीपासून अर्धा इंच वर, हे वाइड लेगचं माप. जुलैत मात्र काकू त्यांच्या मनाने दीड इंच वर घेतात. फोटोतल्या बायका कोरड्या फरशीवरून चालत असतात, त्यांना पावसाळ्यातला लक्ष्मी रोड ठाऊक नसतो.

सीटला बसते पण कंबर मागून सुटते, ही तक्रार रोजचीच. त्यावर मागचा बेल्टचा फासा काढून, कमरपट्टी मधोमध उघडून, मागची मधली शिलाई आत घेतात. दीड-दोन इंचांपर्यंत ठीक. त्यापुढे मागचे दोन खिसे एकमेकांना भेटायला निघतात.

ब्लेझरबद्दल थोडक्यात. ओव्हरसाइझ ब्लेझर म्हणजे दोन नंबर मोठा घेतलेला साधा ब्लेझर, असा समज आहे आणि तो महागात पडतो. मुळातच सैल बेतलेल्या ब्लेझरचा खांदा मुद्दाम बाहेर काढलेला असतो, पण बाही आणि उंची आवाक्यात ठेवलेली असते. साधा मोठा घेतला की खांद्याबरोबर मुंढाही खाली उतरतो, हात वर केला की अख्खा कोट वर येतो. खांदा आणि मुंढा या दोन जागांना काकू हात लावत नाहीत. अस्तर, पॅड, बाही सगळं उघडावं लागतं आणि मजुरी कोटाच्या किमतीवर जाते. बाही कमी करून देतात, तीसुद्धा मनगटाशी खरी काजं नसली तर. स्वस्त कोटावर नुसतीच बटणं टाकलेली असतात, इथे ते आपल्या पथ्यावर पडतं. तीच चकचकीत प्लॅस्टिकची बटणं काढून रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून साधी, चमक नसलेली आणून लावली की कोट निराळाच दिसतो. एवढ्या कमी पैशांत एवढा फरक पाडणारी दुसरी गोष्ट मला माहीत नाही. पुढच्या भागाचं कापड आतून चिकटवलेलं असतं, तेव्हा घरी धुऊ नका. फुगे येतात आणि ते इस्त्रीने जात नाहीत.

कॉर्सेट ब्लाउज हा यातला खरा बिकट प्रकार. साडीवर तो छान दिसतो हे मान्य, पण तयार स्वस्त ब्लाउजमध्ये प्लॅस्टिकचे बोन फक्त बाजूंच्या शिलायांत सारलेले असतात आणि त्यांची टोकं तशीच कापलेली. जेवायला बसलं की काखेत टोचणार. काकू ते बाहेर काढतात, टोकं गोल कापतात, कापडाची छोटी टोपी शिवून परत घालतात आणि आतून सुती अस्तराचा आणखी एक थर देतात. विकत घेतानाच पाठीला चेन असलेला न घेता दोरी असलेला घ्यावा, असं त्यांचं मत. दोरी सैल-घट्ट करता येते, बहिणीलाही होतो.

आईच्या जुन्या साडीचा कॉर्सेट शिवायला मुली येतात तेव्हा काकू साडी उजेडासमोर धरतात. वर्षानुवर्षं एकाच घडीवर ठेवलेलं रेशीम घडीच्या रेषेवर चिरत गेलेलं असतं. उजेड आरपार आला की कळतं. कॉर्सेटमध्ये कापडावर सगळीकडून ताण, तिथे असं रेशीम एका लग्नापुरतंही टिकायचं नाही. त्याचं सैल जॅकेट होईल, पदर पाठीवर घेता येईल. धडधाकट पैठणी घेऊन आलेल्या एकीला मात्र त्यांनी सरळ परत पाठवलं. "ही नेस," एवढंच म्हणाल्या. मला वाटतं गिऱ्हाईक परत पाठवणारी बाई स्वस्तात मिळालेला सगळ्यात चांगला स्टायलिस्ट असते.

हल्ली 'तयार नेसलेली' साडी म्हणून जे मोठ्या दुकानांत मोठ्या किमतीला दिसतं, त्याचं काकूंना हसू येतं. शिवलेली नऊवारी त्या कित्येक वर्षं शिवताहेत. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड, निऱ्या आणि काष्टा शिवून पक्के करायचे, कमरेला नाडी, पदर मोकळा. ती बिघडते तीही आसनातच. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत गिरगाव-डोंबिवलीच्या मुली नऊवारी नेसून बुलेटवर बसतात, तेव्हा काष्ट्याखालचं आसन कमी पडलं तर पाय टाकतानाच शिलाई उसवणार, जास्त ठेवलं तर काष्टा लोंबून चाकाकडे जाणार. म्हणून त्या दोन्ही मांड्यांमध्ये सलवारीसारखा चौकोनी जोड घालतात, तो निऱ्यांत झाकला जातो. मागच्या फाल्गुनात डोंबिवलीची एक मुलगी अशी नऊवारी शिवायला टाकून गेली. सहाशेची आर्ट सिल्क, शिलाईचे पैसे साडीपेक्षा जास्त. तिने कुरकुरत आगाऊ रक्कम दिली आणि विचारलं, ट्रायलला कधी येऊ?

"मंगळवारी ये," काकू म्हणाल्या, "आणि येताना कुणाची तरी बुलेट घेऊन ये. स्टुलावर बसून मला काही कळायचं नाही."