आकड्यांमागील यंत्रांची देखरेख

जिल्हा पातळीवरील आढावा बैठक असो, एखाद्या मोठ्या बँकेच्या संचालक मंडळाची सभा असो, की कारखान्याच्या विक्री विभागाचे नियोजन असो. तेथे मांडले जाणारे तक्ते आज बहुधा संगणकानेच तयार केलेले असतात. तक्ता नेटका असतो, बेरजा जुळलेल्या असतात, रंगीत आलेखही सोबत असतात. परंतु हे आकडे आज सकाळचे आहेत की परवा रात्रीचे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. ज्या यंत्रांनी हा तक्ता सिद्ध केला, त्यांपैकी एखादे मध्यरात्री बंद पडले असेल, तर जुनाच अहवाल नव्या दिवशी पडद्यावर दिसू शकतो आणि त्याच्या आधारे निधीचे किंवा धान्याचे वाटप ठरू शकते. अशी यंत्रे कशी चालतात आणि त्यांच्यावर देखरेख कशी ठेवावयाची, याची ओळख करून देण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

या प्रणालींना ‘बिझनेस इंटेलिजन्स’ असे नाव आहे. हा शब्दप्रयोग वाटतो तितका नवा नाही. आय. बी. एम. कंपनीतील संशोधक हान्स पीटर लून यांनी १९५८ साली कंपनीच्या संशोधनपत्रिकेत याच नावाचा लेख लिहिला होता. संस्थेत येणाऱ्या कागदपत्रांचा सारांश यंत्राने आपोआप काढावा आणि तो ज्याला उपयोगी पडेल त्याच्याकडेच पोहोचवावा, अशी त्यांची कल्पना होती. आजच्या प्रणाली कागदपत्रांपेक्षा आकड्यांवर अधिक भर देतात. निरनिराळ्या विभागांतील नोंदी एका भांडारात आणणे, त्यांचे वर्गीकरण करणे आणि ठरलेल्या वेळी अहवाल तयार करणे, हे त्यांचे मुख्य काम होय.

एक नव्हे, अनेक सर्व्हर

हे काम एकाच सर्व्हरवर सोपविले, तर तो बंद पडताच सारे थांबते. म्हणून दोन, तीन किंवा अधिक सर्व्हर जोडून त्यांचा समूह करतात. त्यासच क्लस्टर म्हणतात. यामागील हिशेब साधा आहे. एखादे यंत्र शेकडा ९९ वेळ चालू राहते, असे धरले तरी वर्षाच्या ८,७६० तासांपैकी सुमारे ८७ तास ते बंद असणार. तशीच दोन यंत्रे शेजारी ठेवली आणि त्यांचे बिघाड परस्परांशी निगडित नसतील, तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याचा काळ वर्षाला अवघ्या ५३ मिनिटांवर येतो. मात्र ‘निगडित नसतील’ ही अट महत्त्वाची आहे. दोन्ही यंत्रे एकाच वीजवाहिनीवर, एकाच खोलीत, एकाच वातानुकूलन यंत्राच्या भरवशावर असतील, तर हा हिशेब कागदावरच राहतो.

समूहामुळे आणखी एक अडचण उद्भवते आणि देखरेखीची खरी गरज तिच्यामुळेच निर्माण होते. एकच सर्व्हर असेल, तर तो बंद पडताच चारी बाजूंनी दूरध्वनी खणाणू लागतात. समूहातील एक सर्व्हर बंद पडला, तर दुसरा मुकाट्याने त्याचा भार उचलतो. वापरणाऱ्याला काहीच जाणवत नाही, तक्रार येत नाही आणि बंद यंत्र कित्येक आठवडे तसेच राहू शकते. मग ज्या दिवशी दुसरे यंत्र थांबते, त्या दिवशी आपल्याकडे राखीव असे काहीच उरले नव्हते, हे ध्यानात येते. बिघाड झाकणे हाच समूहाचा गुण आहे. त्यामुळे जेथे समूह आहे तेथे तक्रारीची वाट पाहून चालत नाही.

भाराचेही असेच आहे. दोन सर्व्हर प्रत्येकी शेकडा ७० भार वाहत असतील, तर वरवर पाहता सर्व ठीक दिसते. एक पडला की दुसऱ्यावर १४० चा भार येतो, म्हणजे तोही कोसळतो. तेव्हा दोन यंत्रांच्या समूहात प्रत्येकाचा भार ५० च्या आत आहे ना, हे पाहावयास हवे. निविदा काढताना या मुद्द्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

नेमके काय पाहावे

यंत्र चालू आहे काय, चकतीवर जागा शिल्लक आहे काय, स्मृती भरत आली आहे काय, ही पाहणी प्राथमिक स्वरूपाची झाली. शाळेचे कुलूप उघडले आहे एवढ्यावरून वर्ग भरला आहे असे ठरत नाही, त्याचप्रमाणे यंत्र चालू आहे एवढ्यावरून अहवाल मिळतो आहे असे ठरत नाही. खरी कसोटी वापरणाऱ्याच्या बाजूने घ्यावी लागते.

या दृष्टीने ‘सॅप बिझनेस ऑब्जेक्ट्स’ या प्रणालीचे उदाहरण बोधप्रद आहे. बिझनेस ऑब्जेक्ट्स ही मूळची फ्रान्समधील कंपनी १९९० साली स्थापन झाली आणि २००८ साली जर्मनीच्या सॅप कंपनीने ती ताब्यात घेतली. तिच्या चौथ्या आवृत्तीत देखरेखीची स्वतंत्र सोय आहे. त्यात ‘प्रोब’ नावाच्या चाचण्या ठरावीक वेळाने आपोआप चालतात: एखाद्या सामान्य वापरकर्त्याप्रमाणे प्रणालीत प्रवेश करावयाचा, एखादा अहवाल उघडून पाहावयाचा आणि त्यास किती वेळ लागला याची नोंद करावयाची. दुसरी सोय ‘वॉच’ची. एखाद्या मोजमापाची मर्यादा ठरवून दिली, की स्थिती हिरव्या, पिवळसर वा तांबड्या रंगात दिसते. एखादी मर्यादा क्षणभर ओलांडली गेली म्हणून लगेच इशारा न देता, ठरावीक काळात ती अमुक वेळा ओलांडली गेली तरच द्यावा, असेही ठरवून देता येते. ही तरतूद किरकोळ नव्हे. ज्या कक्षात दिवसाला दोनशे इशारे येतात, तेथील कर्मचारी थोड्याच दिवसांत एकही इशारा वाचेनासे होतात.

याच प्रणालीत समूहाच्या मर्यादाही दिसून येतात. तिचे मध्यवर्ती व्यवस्थापन करणारे सर्व्हर कितीही वाढविले, तरी ते सर्व एकाच सामाईक माहितीकोशावर अवलंबून असतात. तो कोश थांबला की सारा समूह थांबतो. शिवाय देखरेखीची सेवा त्याच प्रणालीतील एका सर्व्हरवर चालते. तोच बंद पडला तर इशारा देणार कोण? म्हणून बाहेरच्या एखाद्या स्वतंत्र यंत्रावरूनही तपासणी चालू ठेवणे इष्ट होय.

मोजमापांच्या बाबतीत सरासरीवर फार विसंबू नये. शंभर अहवालांपैकी ९५ दोन सेकंदांत उघडले आणि ५ अहवालांना दोन-दोन मिनिटे लागली, तर सरासरी ७.९ सेकंद येते. प्रत्यक्षात इतका वेळ कोणालाच लागलेला नसतो आणि ज्या पाच जणांचा खोळंबा झाला, ते सरासरीत हरवून जातात. बहुधा तेच अहवाल सर्वांत मोठे आणि सर्वांत महत्त्वाचे असतात.

सर्व्हरांमधील परस्पर संपर्क तुटला, तर प्रसंग अधिक बिकट होतो. प्रत्येक सर्व्हर दुसऱ्याला ठरावीक अंतराने ‘मी आहे’ असा संकेत पाठवीत असतो. तार तुटली की दोघांनाही वाटते, दुसरा संपला. आणि दोघेही स्वतःला प्रमुख समजून एकाच कोशात नोंदी करू लागतात. पंचायत सदस्यांना यावरील उपाय परिचयाचा वाटेल, कारण तो गणपूर्तीचा आहे. १९८३ साली अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कंपनीने आपल्या व्हॅक्स संगणकांचा समूह जाहीर केला, त्यात मतांची पद्धत होती: ज्या गटाकडे बहुमत असेल त्यानेच काम करावे, इतरांनी थांबावे. तीन यंत्रांत दोघांचे बहुमत होते. दोनच यंत्रे असतील तर मते समसमान पडतात, म्हणून तिसरे मत एखाद्या सामाईक चकतीला देतात. देखरेख करणाऱ्याने गणपूर्ती टिकून आहे ना आणि ती किती यंत्रांच्या फरकाने टिकून आहे, हे दोन्ही पाहावयाचे असते.

शेवटची बाब घड्याळांची. चार सर्व्हरांची घड्याळे काही मिनिटांनी पुढेमागे असतील, तर आधी कोणते यंत्र अडखळले आणि मागून कोणते, याचा उलगडा नोंदींवरून होत नाही. भारतात याबाबत आता स्पष्ट निर्देश आहेत. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार, शासकीय संस्थांसह संबंधित सर्व संस्थांनी आपली घड्याळे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी, अथवा त्यांच्याशी जुळणाऱ्या वेळेशी, जुळती ठेवावयाची आहेत, यंत्रांच्या नोंदी १८० दिवस जतन करावयाच्या आहेत आणि सायबर सुरक्षेला बाधा आणणारी विहित घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवावयाची आहे. यंत्रे एखाद्या पुरवठादाराकडे असतील, तर या नोंदी कार्यालयाला मागताक्षणी मिळतील अशी अट करारनाम्यातच घालून घ्यावी.