क्षारपड की चोपण?

भंडारदरा धरण 1926 मध्ये पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी श्रीरामपूरचा दुष्काळी भाग उसाचा केला. पण काळी चिकण जमीन, वर्षभर पाणी आणि निचरा नाही, अशा ठिकाणी भूजल वर चढते. पाण्याची वाफ होते, क्षार मात्र मुळांपाशीच उरतात. ही क्षारपड जमीन. तिच्यावर उन्हाळ्यात पांढरा थर दिसतो.

चोपण जमिनीचा रोग वेगळा. तिथे मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो. एकूण धन आयनांत त्याचा वाटा 15 टक्क्यांवर गेला की कण सुटे होतात, छिद्रे बुजतात. ओली माती चिकट चिखल होते, सुकली की दगडासारखी. सामू 8.5 च्या पुढे जातो. जिप्समातले कॅल्शियम सोडियमची जागा घेते, पण सुटलेला सोडियम वाहून न्यायला चर किंवा जमिनीखालचे सच्छिद्र पाइप हवेतच. नुसत्या क्षारपडीत जिप्सम टाकणे म्हणजे पैसा वाया! तिथे निचरा आणि गोडे पाणी हाच उपाय. शेजारच्या राहुरीतच कृषी विद्यापीठ आहे. जिप्समाची गोणी आणण्याआधी तिथे माती तपासून घ्या.