हिरवळीवरील जमाखर्च

मनुष्याच्या स्मरणशक्तीला एक जुनी खोड आहे. जें नित्य घडतें तें ती विसरते, आणि जें एकदांच परंतु जिव्हारीं लागेल असें घडतें तें जन्मभर जपून ठेवते. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथें १९७० सालीं झालेल्या ओपन स्पर्धेंत डग सँडर्स नांवाच्या अमेरिकन गोल्फपटूला शेवटच्या खळग्यांत सुमारें तीन फुटांवरून चेंडू घातला कीं अजिंक्यपद मिळणार होतें. तो फटका चुकला. दुसऱ्या दिवशीं जॅक निक्लॉसबरोबर अठरा खळग्यांची फेरी पुन्हां खेळावी लागली, आणि तींत सँडर्स एका फटक्यानें हरला. त्यानें आपल्या कारकीर्दींत पीजीए टूरवरील वीस स्पर्धा जिंकल्या. पण त्याचें नांव निघालें कीं जाणत्यांना आधीं आठवतो तो हा तीन फुटांचा फटका!

एवढ्यावरून सँडर्सचें पटिंग कच्चें होतें असा निकाल कोणी शहाणा देणार नाहीं. एका फटक्यावरून खेळाडूची परीक्षा होत नाहीं, हें दुसऱ्याच्या बाबतींत आपणांस चटकन् पटतें. स्वतःच्या बाबतींत मात्र आपण नेमका तसाच निकाल देतों. रविवारीं सकाळीं एक लहानसा फटका चुकला कीं "आपलें पटिंग बिघडलें" म्हणून आठवडाभर हळहळतों. आणि वीस फुटांवरून एखादा चेंडू दैवयोगानें आंत गेला कीं त्याच तोऱ्यांत पुढचा आठवडा काढतों. हौशी माणसाजवळ सरावाला वेळ थोडा. नोकरीधंदा व संसार सांभाळून मिळालेला तास-दोन तास भलत्याच दुरुस्तीवर खर्ची पडूं नये, एवढ्यासाठीं तरी त्यानें आपलें खरें मोजमाप घेतलें पाहिजे. तें कसें घ्यावें, याचा विचार येथें करावयाचा आहे.

ज्या वाचकांना या खेळाचा परिचय नसेल त्यांच्यासाठीं थोडा खुलासा केला पाहिजे. मैदानावरील प्रत्येक खळग्याभोंवतीं अगदीं बारीक कापलेल्या गवताची एक हिरवळ राखलेली असते. लांब लांब फटके मारून चेंडू तेथवर आणावयाचा, आणि मग पटर नांवाच्या चपट्या तोंडाच्या काठीनें हळूच ढकलून तो जमिनीवरून घरंगळत खळग्यांत सोडावयाचा. या शेवटच्या कामास पटिंग म्हणतात. आपलीं मुलें अंगणांत गोटी गलींत घालतात, त्याच कलेचा हा थोरला अवतार म्हणावयास हरकत नाहीं. खळग्याची रुंदी सव्वाचार इंच. हें माप सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबानें १८९१ सालीं कायम केलें. चेंडूचा व्यास १.६८ इंचांहून कमी असूं नये असा आजचा नियम आहे. म्हणजे दोन चेंडू शेजारीं शेजारीं ठेवले तर थोडीशी जागा उरावी, एवढेंच तें दार! बहात्तर फटक्यांच्या मैदानावर प्रत्येक हिरवळीवर दोन, याप्रमाणें छत्तीस फटके पटिंगसाठीं धरलेले असतात. निम्मा खेळ जेथें होतो तेथील हिशेब मात्र बहुतेक हौशी खेळाडू ठेवीत नाहींत; आणि जे ठेवतात त्यांपैकीं पुष्कळांचा चुकतो.

चूक कोठें होते तें पाहूं. प्रचलित रीत अशी, कीं फेरी संपल्यावर पटिंगचे एकूण फटके मोजावयाचे; तीस भरले तर चांगलें, छत्तीस भरले तर वाईट. समजा, दोन स्नेही तीन खळगे बरोबर खेळले. पहिल्याचे लांबचे फटके हिरवळीच्या बाहेर पडत; तेथून तो चेंडू उचलून खळग्याजवळ आणून टाकी. त्यामुळें त्याला पटिंग करावें लागलें तें चार, पांच आणि तीन फुटांवरून. त्यांत त्याचा पांच फुटांचा एक फटका चुकला. एकूण फटके झाले चार. दुसऱ्याचे लांबचे फटके उत्तम, चेंडू थेट हिरवळीवर. पण खळग्यापासून तीस, वीस आणि चाळीस फुटांवर. त्यानें प्रत्येक ठिकाणीं दोन फटके घेतले, एकूण सहा. चार विरुद्ध सहा! पहिला स्नेही चहाच्या टेबलाशीं आपल्या पटरची तारीफ करणार, आणि दुसरा नवा पटर घ्यावा कीं काय या विचारांत पडणार. वस्तुतः दोघांचेही निष्कर्ष उलटे आहेत. किती फटके लागले, एवढेंच पाहून भागत नाहीं. ते किती अंतरावरून लागले, हें त्याच्या शेजारीं लिहिल्यावांचून त्या आंकड्याला कांहीं अर्थ नाहीं.

हा अंतराचा हिशेब शास्त्रशुद्ध पायावर मांडण्याचें श्रेय न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांतील प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांजकडे जातें. अमेरिकेंतील धंदेवाईक खेळाडूंच्या पीजीए टूरवर प्रत्येक फटका कोठून मारला व चेंडू कोठें थांबला, याची लेसर यंत्रांनीं मोजून नोंद ठेवतात. त्या प्रचंड दप्तरांतून ब्रॉडी यांनीं प्रत्येक अंतरासाठीं सरासरी किती फटके लागतात हें काढलें. टूरनें ही पद्धत पटिंगसाठीं २०११ सालीं स्वीकारली, आणि २०१४ सालीं ब्रॉडी यांनीं ती 'एव्हरी शॉट काउंट्स' या पुस्तकांत सर्वांसाठीं मांडली.

त्या आंकड्यांतील कांहीं येथें देतों. ते पाहून पुष्कळांचें दुःख हलकें होईल. जगांतील हे निवडक खेळाडू तीन फुटांवरून शंभरांत सुमारें शहाण्णव वेळां चेंडू आंत घालतात. पांच फुटांवर हाच आंकडा सत्याहत्तरांवर येतो, आठ फुटांवर पन्नासांवर, दहा फुटांवर चाळीसांवर. वीस फुटांवरून पंधरा आणि तीस फुटांवरून केवळ सात! ज्यांची उपजीविकाच या कलेवर चालते त्यांचाही आठ फुटांवरून निम्मा नेम चुकतो. नव्वदाच्या आसपास फेरी पुरी करणाऱ्या हौशी खेळाडूच्या बाबतींत हा निम्म्याचा टप्पा सुमारें पांच फुटांवर येतो. तेव्हां आठ फुटांचा फटका चुकला म्हणून कपाळावर हात मारून घेणारा गृहस्थ ज्या गोष्टीचा शोक करतो, ती शोकाला पात्रच नाहीं.

आतां आपल्या दोन स्नेह्यांकडे वळूं. चार फुटांवरून सरासरी १.१३, पांचांवरून १.२३ आणि तिनांवरून १.०४ फटके लागतात, बेरीज ३.४०. पहिल्याला चार लागले, म्हणजे त्यानें ०.६० फटका गमावला. तीस फुटांवरून १.९८, विसांवरून १.८७ आणि चाळिसांवरून २.०६, बेरीज ५.९१. दुसऱ्याला सहा लागले, म्हणजे त्याची तूट अवघी ०.०९. ज्याला नवा पटर हवासा वाटत होता तोच हिरवळीवर सरस खेळला होता! अंकगणित चौथ्या इयत्तेंतलें आहे; पण तें मांडल्याशिवाय न्याय होत नाहीं.

हौशी खेळाडूजवळ लेसर यंत्र नसतें, तें नकोही. चेंडूपासून खळग्यापर्यंत उतार पाहण्यासाठीं आपण चालत जातोंच. तेवढीं पावलें मोजावीं. घरीं एकदां टेपनें आपल्या दहा पावलांचें अंतर मोजून ठेवलें म्हणजे एका पावलाचे किती फूट हें कळतें. खिशांत मावेल अशा वहींत प्रत्येक खळग्यासाठीं चारच गोष्टी टिपाव्या: पहिल्या फटक्याचें अंतर, एकूण फटके, पहिला चुकला असल्यास तो अलीकडे राहिला कीं पलीकडे गेला, आणि चुकल्यावर किती अंतर उरलें. ही झाली रोजकीर्द. घरीं आल्यावर तिची खतावणी तीन खात्यांत करावी. सहा फुटांपर्यंतचें पहिलें खातें. येथें शंभरांत किती आंत गेले एवढेंच पाहावें. सहा ते वीस फुटांचें दुसरें. येथें आंत गेले तें भाग्य समजावें, आणि न गेलेले खळग्याच्या पलीकडे थोडेसे जाऊन थांबले कीं नाहीं हें तपासावें. कारण अलीकडे थांबलेला चेंडू कितीही सरळ असला तरी आंत पडण्याचा संभव शून्य! वीस फुटांपलीकडील तिसऱ्या खात्यांत आंत गेलेले मोजूंच नयेत. दुसऱ्या फटक्यासाठीं किती अंतर उरलें आणि तीन फटके किती वेळां लागले, हेंच तेथें पाहावें.

अशी वही मीं एक हंगामभर ठेवली, आणि तिनें माझा एक भ्रम दूर केला. तीन फुटांचे फटके माझे हमखास चुकतात अशी माझी पक्की समजूत होती, व त्यापायीं कित्येक रविवार मीं सरावाच्या हिरवळीवर तीन फुटांवर चेंडू मांडून घालविले होते. वहींत पाहतों तों तीन फुटांचे फटके मी क्वचितच चुकत होतों. ज्यांना मी तीन फुटांचे म्हणत होतों ते पावलांनीं मोजतां सहा फुटांचे भरले! चुकल्याची लाज अशी, कीं आठवणींत अंतर आपोआप निम्मे होतें. आणि सहा फूट तरी कां उरत? कारण तीस-चाळीस फुटांवरील माझा पहिला फटका नेहमीं अलीकडे राही. रोग एका ठिकाणीं आणि लेप दुसऱ्या ठिकाणीं, असा तो प्रकार होता. पुढें मीं जवळचा सराव सोडून लांबचा धरला; तेव्हां कोठें तीन फटक्यांचे प्रसंग कमी होऊं लागले.

वही ठेवणाऱ्यानें तीन पथ्यें पाळावीं. पहिलें, घाई करूं नये. नाणें दहा वेळां उडविलें तर छापा तीन किंवा त्याहून कमी वेळां पडण्याचा संभव सहांत एक असतो. म्हणून कोणी नाणें बिघडलें असें म्हणत नाहीं. पांच फुटांवरून ज्याचे निम्मे चेंडू आंत जातात, त्याचे एखाद्या दिवशीं दहांपैकीं तीनच गेले तर त्यावरून हाताची पकड बदलण्याचें कारण नाहीं. शंभर नोंदी होईपर्यंत मत बनवूं नये.

दुसरें पथ्य हिरवळीच्या वेगाचें. एडवर्ड स्टिम्पसन या अमेरिकन हौशी खेळाडूनें १९३५ सालीं ओकमाँट येथील निसरड्या हिरवळीवर नामांकित खेळाडूंची त्रेधा पाहिली आणि वेग मोजण्याचें साधन शोधून काढलें: एक खांचेची पट्टी, जिच्यावरून चेंडू सोडला असतां तो जितके फूट जाईल तितका त्या हिरवळीचा वेग. पुढें अमेरिकेच्या गोल्फ संघटनेनें तें सुधारून सर्वत्र रूढ केलें. आपल्याजवळ तें नसलें तरी खेळापूर्वीं सपाट जागेवर एकाच बेताचे तीन फटके मारून चेंडू किती पावलें जातो तें पानाच्या माथ्यावर लिहावें. आपल्याकडील पावसाळ्यांतील जड हिरवळ आणि उन्हाळ्यांतील कोरडी हिरवळ यांच्या नोंदी एकाच खात्यांत घातल्या तर हिशेब फसेल.

तिसरें पथ्य सर्वांत अवघड, कारण तें गणिताचें नसून मनाचें आहे. स्नेह्यांच्या खेळांत दोन-अडीच फुटांवर चेंडू आला कीं "असूं द्या, दिला!" म्हणून तो उचलण्याची चाल आहे. जोडीच्या सामन्यांत प्रतिस्पर्ध्यानें असा फटका सोडून देणें नियमास धरून आहे. परंतु एकूण फटके मोजावयाच्या खेळांत प्रत्येक चेंडू खळग्यांत घातलाच पाहिजे. वहीला ही भीड ठाऊक नसावी. दिलेला फटका "दिला" असाच लिहावा, "गेला" असा लिहूं नये. वही आपल्याशिवाय कोणी पाहणार नाहीं. म्हणूनच तींत खोटें लिहिणें अधिक लाजिरवाणें.

ही परीक्षा कोणत्याही वयाला आणि शक्तीला खुली आहे, हें विशेष. सेंट अँड्र्यूज येथेंच स्त्रियांनीं १८६७ सालीं आपला स्वतंत्र पटिंग क्लब काढला. हात उंच उचलून फटका मारणें त्या काळीं कुलीन स्त्रीस शोभत नाहीं असें मानीत. पटिंगला मात्र ती अडचण नव्हती. त्यांच्या उंचसखल हिरवळीचें नांव 'हिमालय'. ती आजही आबालवृद्धांना थोडक्या पैशांत खेळावयास मिळते. घरीं सतरंजीवर सव्वाचार इंचांचें कागदी वर्तुळ ठेवून पांच फुटांवरून दहा-दहा चेंडू सोडावे. वर्तुळावरून जाऊन दीड फुटाच्या आंत थांबेल तोच खरा धरावा. नातवानें आजोबांचा हिशेब लिहावा आणि आजोबांनीं नातवाचा, म्हणजे भीडही राहत नाहीं.

शेवटीं एक सूचना. ब्रॉडी यांच्या हिशेबाप्रमाणें टूरवरील श्रेष्ठ खेळाडूंच्या सरशींत पटिंगचा वांटा सुमारें पंधरा टक्के. बाकीची सरशी हिरवळीपर्यंत येणाऱ्या फटक्यांत असते. तेव्हां वर्षअखेर वही उघडून पाहतां पटर निर्दोष ठरला आणि खरा दोष दुसऱ्याच काठीवर गेला, तर आश्चर्य मानूं नये. पुष्कळ वर्षें विनाकारण बोल लागलेल्या त्या बापड्या पटरला पुसून पिशवींत ठेवावें, आणि पुढचा रविवार जेथें खरी तूट आहे तेथें द्यावा.