दिवसाच्या नावाची रात्र

मगरिबच्या अजानला अजून वीस-पंचवीस मिनिटे आहेत. मुंबईत मिनारा मशिदीलगतच्या गल्लीत मालपुव्यांच्या पसरट कढया केव्हाच तापल्या आहेत. कारागीर वाटीने पीठ सोडतो, कडा जाळीदार झाल्या की मालपुवा उलटतो. पहाटेपासून त्याच्या पोटात पाण्याचा थेंब नाही. शेजारी कबाबांचा मसाला कालवणाराही रोजेदारच, मीठ बेताचे पडले की नाही हे तो हाताच्या अंदाजावर आणि वासावर ठरवतो. निकड असेल तर जिभेच्या टोकावर चव पाहून थुंकून टाकण्याची मुभा हनफी धर्मशास्त्रात आहे. पण मुरलेल्या हाताला तिची गरज क्वचितच पडते.

जे. जे. उड्डाणपुलावरून गाडीने सुसाट जाणाऱ्याला यातले काही दिसत नाही. मोहम्मद अली रोड त्या पुलाखाली आहे. मस्जिद स्थानकावर उतरून पश्चिमेला चालत आले की आधी खजुरांचे ढीग, मग कापलेल्या फळांची ताटे आणि शेवटी रोषणाईत न्हालेले मशिदीचे मिनार दिसू लागतात.

अजान होते आणि इतका वेळ ओरडणारी गल्ली एकदम गप्प होते. कारागीर झारा खाली ठेवतो. खजूर, पाणी, भज्याचा एखादा तुकडा. शेजारच्या दुकानातला पोऱ्या, हमाल, वाटेतच अजान झालेला टॅक्सीवाला, सगळ्यांचे हात एकाच ताटात. अनोळखी माणसालाही कोणीतरी खजूर पुढे करतो. त्याचा रोजा आहे का, असे विचारत नाही. दहा मिनिटांत कढई पुन्हा सुरू.

खरी गर्दी होते ती तरावीहची नमाज आटोपल्यावर, दहाच्या पुढे. तेव्हा या गल्लीत चालायचे नसते, ढकलले जायचे असते. दादर, ठाणे, डोंबिवलीहून आलेली मित्रमंडळी, कॉलेजची मुले, कडेवर लेकरू घेतलेली जोडपी. मातीच्या पसरट वाटीतली केशरी फिरनी सगळ्यांना झेपते. 1936 पासूनच्या सुलेमान उस्मान मिठाईवाल्यांकडे अफलातूनसाठी रांग लागते. शाकाहारी पाहुण्यांना एक सूचना हवीच: इथल्या मालपुव्याच्या पिठात अंडे असते. गोड म्हणून निर्धास्त खाऊ नये, आधी विचारावे. विक्रेते सरळ सांगतात.

पण या मालपुव्याचे कूळ पाहावे. त्यातला ‘पुवा’ म्हणजे संस्कृतातला ‘अपूप’. अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारसे देतात, त्याला अपूपदान म्हणतात, तोच हा अपूप. तो गल्लीत आला, अंडे आणि रबडीशी त्याची गाठ पडली आणि तो इथलाच झाला.

तसेच निहारीचे. भेंडी बाजारात 1923 पासूनच्या नूर मोहम्मदी हॉटेलात नल्ली निहारीसाठी लोक लांबून येतात. ‘नहार’ म्हणजे अरबीत दिवस. रात्रभर मंद आचेवर शिजवून सकाळी खायचा हा पदार्थ. इथे मध्यरात्री लोक त्यातली नळी ताटलीवर आपटून मगज काढतात. आणि ‘रोजा’? फारसीत ‘रोज’ म्हणजे दिवस, आपल्या मराठीतल्या ‘रोजच्या’तला रोज. रात्री भरणाऱ्या बाजाराने आपली दोन मोठी नावे दिवसाकडून घेतली आहेत. दिवस कोरडा जातो म्हणून तर ही रात्र भरते.

हिजरी वर्षात अधिक महिना नसतो, त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2016 मध्ये तो जून-जुलैत होता. ताडपत्र्यांखाली, पावसाचे पाणी चुकवत कढया पेटल्या. 2020 साली टाळेबंदीत गल्ली ओस पडली, 2021 मध्येही निर्बंध होतेच. महिनाभराच्या कमाईवर पुढचे काही महिने काढणाऱ्या फेरीवाल्यांची ती दोन वर्षे कशी गेली असतील, याची चर्चा खाण्याच्या व्हिडिओंत सापडत नाही.

त्या व्हिडिओंनी एक गैरसमज मात्र पेरला आहे, की हा कोणता तरी ‘फूड फेस्टिव्हल’ आहे. माडीवर कोणाची तरी आजारी आई झोपलेली असते, मशिदीच्या दारात नमाजी बाहेर पडत असतात, आणि ऐन वाटेत पाचजण ताटली वर धरून फोटो काढत उभे असतात. इथल्या रहिवाशांना पाहुण्यांचे वावडे नाही. त्यांना वाट मोकळी हवी आहे, एवढेच. शक्यतो शनिवार-रविवार टाळावा, मोटार घरी ठेवावी आणि चौघांत एकच मालपुवा मागवावा. एकट्याला तो संपत नाही.

तीन वाजत आले की बाहेरची गर्दी ओसरते, मोहल्ल्यातली माणसे उरतात. सेहरीसाठी दूध, पाव, खिमा घ्यायला पोरे धावत येतात. कारागीर कढईखालची आच बंद करतो, हात धुतो, मागच्या बाकड्यावर बसून डाळभात जेवतो आणि फजरच्या आत दोन ग्लास पाणी पिऊन घेतो. संध्याकाळच्या पिठासाठी मैद्याचे पोते त्याने आधीच आत ओढून ठेवलेले असते.