शाळेची बोट आणि थेम्सचं पाणी

रोइंगचा हंगाम खरा हिवाळ्यात ठरतो. जून-जुलैतल्या शर्यतींचे फोटो सगळे बघतात, पण नोव्हेंबर ते मार्च शाळेच्या पोरी थेम्सवर काय सोसतात ते धक्क्यावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. माझी लेक इथल्या एका शाळेच्या ‘एट’मध्ये, म्हणजे आठजणींच्या बोटीत, पाचव्या जागेवर बसते. शनिवारी पहाटे तिला बोटहाऊसवर सोडायला निघते तेव्हा गाडीच्या काचेवर बर्फ असतं, आणि तिच्या तळहातांवर आदल्या आठवड्याचे फोड.

पुण्याहून तिची आजी फोनवर विचारते, ‘‘अगं, उलटं तोंड करून बसता, मग पुढचं दिसतं कसं?’’ दिसतच नाही. वल्हवणाऱ्या आठजणींची पाठ बोट जाते त्या दिशेला असते. समोर बघते ती फक्त नववी, कॉक्स. सुकाणू तिच्या हातात, आणि माइकवरून लय सांगणंही तिचंच काम. बाकीच्यांचे पाय फळीवरच्या बुटांत अडकवलेले, बसायची पाटी मात्र रुळांवर मागे-पुढे सरकते. त्यामुळे जोर दंडांपेक्षा मांड्यांतून येतो. बोट 17-18 मीटर लांब, वजनाला 100 किलोच्या आसपास आणि रुंदीला जेमतेम एका माणसाची. दिंडीत एकाची पावली चुकली की सगळी रांग अडखळते, तशी एकीचं वल्हं क्षणभर उशिरा पडलं की सगळी बोट कलते.

हिवाळ्यात ‘हेड’ शर्यती असतात. बोटी एकामागून एक सुटतात आणि निकाल घड्याळावर लागतो. त्यातली मोठी म्हणजे मार्चमधली स्कूल्स हेड. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या प्रसिद्ध शर्यतीचा लंडनमधला मार्ग इथे उलट्या दिशेने, ओहोटीबरोबर कापायचा, साधारण 6.8 किलोमीटर. नदीच्या मध्यावर ओढ कुठे जास्त आहे हे कॉक्सने ओळखायचं. आमची कॉक्स बोटीतली सगळ्यात लहान चणीची मुलगी आहे. तिने यंदा एका वळणावर शेजारच्या मोठ्या शाळेच्या बोटीला आतली जागा दिली नाही. त्या एका निर्णयासाठी मी तिला हंगामाची सर्वोत्तम खेळाडू म्हणेन.

उन्हाळ्यात शर्यती आखूड होतात, 2000 मीटरच्या, शेजारी-शेजारी. आणि शेवटी जुलैतलं हेन्ली. 1839 पासून चालत आलेली ही स्पर्धा 2112 मीटरची. एका वेळी दोनच बोटी, हरली ती घरी. इथे शाळकरी मुलग्यांच्या एटसाठी प्रिन्सेस एलिझाबेथ कप 1946 पासून आहे. शाळकरी मुलींच्या एटसाठी पहिली शर्यत झाली 2021 मध्ये! पाऊणशे वर्षं एटमधल्या मुली त्याच नदीवर, त्याच थंडीत वल्हवत होत्या आणि हेन्लीला काठावर उभ्या राहून भाऊ-मित्रांसाठी टाळ्या वाजवत होत्या. आमच्या मुली यंदा पात्रता फेरीतच बाद झाल्या, तरी त्या दिवशी मला आनंद झाला. हरायला का होईना, त्यांना ती जागा मिळाली.

पुढे काय, हा प्रश्न पालकांच्या बैठकीत दरवेळी निघतो. मुलींपुढचा मोठा रस्ता अमेरिकेकडे जातो. तिथे 1972 च्या टायटल नाइन कायद्याने शिक्षणसंस्थांना मुलींना खेळात समान संधी देणं भाग पडलं. अमेरिकन फुटबॉलच्या संघांत मुलगे एवढे असतात, की तोल साधायला अनेक विद्यापीठांनी मुलींचे मोठे रोइंग संघ उभे केले. त्यांना शिष्यवृत्त्या मिळतात. पण तिथले कोच आधी विचारतात ती रोइंग मशीनवरची 2000 मीटरची वेळ. सोळा वर्षांच्या मुलीचं मोल एका आकड्यावर ठरावं, हे मला पटत नाही.

ऑलिंपिकमधली लाइटवेट शर्यत पॅरिसला 2024 मध्ये शेवटची झाली. त्यात महिलांना 59 किलोची मर्यादा होती. आपल्याकडच्या सडपातळ मुलींसाठी तेच एक दार होतं. लॉस एंजेलिसला 2028 मध्ये त्याजागी किनाऱ्यावरून पळत जाऊन समुद्रात बोट वल्हवायची बीच स्प्रिंट येते आहे. ती बघितली की मला कोकणचा किनारा आठवतो. आपल्याकडचा रोइंगपटू, तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ, लष्करात गेल्यावर वल्हं धरायला शिकला आणि 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये तेरावा आला. शाळेतच वल्हं हाती आलं असतं तर?

नदीची काळजी मात्र पुण्यात आणि इथे सारखी आहे. मी वाढले मुळा-मुठेच्या संगमाजवळ. सीओईपी या अभियांत्रिकी कॉलेजच्या रेगाटाला, नदीवरच्या 1928 पासूनच्या त्या बोटींच्या सोहळ्याला, आम्ही दरवर्षी जायचो. जलपर्णी आणि पाण्याचा वास तेव्हापासून ओळखीचा. थेम्सही निर्मळ नाही. 2024 च्या ऑक्सफर्ड-केंब्रिज शर्यतीआधी पाण्यात ई. कोलाय जंतूंचं प्रमाण इतकं सापडलं, की जिंकल्यावर कॉक्सला नदीत फेकायची प्रथा मोडावी लागली. आमच्या मुली फोडांवर चिकटपट्टी लावून उतरतात आणि बाहेर आल्या की डबा उघडण्याआधी साबणाने हात धुतात.

त्याहून मला खुपतो तो पैसा. नवी एट 30,000 पौंडांच्या वर जाते, म्हणून हा खेळ मुख्यतः फी घेणाऱ्या शाळांत राहिला. हॅमरस्मिथचा फुलहॅम रीच बोट क्लब सरकारी शाळांतल्या मुलांना नदीवर आणतो, लंडन यूथ रोइंग ही संस्था त्यांच्या शाळांत मशीन नेते. आमच्या बोटी बुधवारी दुपारी नुसत्या रॅकवर पडून असतात. त्या शेजारच्या सरकारी शाळेला द्याव्यात, असा प्रस्ताव मी मांडला. समिती कबूल झाली. अडलंय ते मुलांबरोबर सुरक्षेची मोटरबोट चालवणाऱ्या माणसावर. त्या प्रशिक्षणासाठी मी नाव नोंदवलंय, सप्टेंबरच्या आत ते पुरं करायचं आहे.