भातातला खडा आणि मुतखडा

भातातला खडा चुकून गिळला, की कुणीतरी हमखास म्हणतं, “आता तुला मुतखडा होणार!” घाबरू नका दोस्तांनो. गिळलेला खडा आतड्यांतून जातो आणि शीवाटे बाहेर पडतो. मूत्रपिंडात शिरायला त्याला वाटच नाही. तिथे अन्न पोचतच नाही, पोचतं ते रक्त!

मग मुतखडा येतो कुठून? तो तयारच तिथे होतो. मोठ्या माणसाची दोन मूत्रपिंडं दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातलं बहुतेक सगळं पाणी शरीर परत घेतं आणि उरते साधारण दीड लिटर लघवी. तिच्यात कॅल्शियम, ऑक्झलेट असे पदार्थ विरघळलेले असतात. पाणी कमी पडलं, की घट्ट पाकात खडीसाखर धरते तसे त्यांचे स्फटिक धरतात, एकमेकांना चिकटतात आणि वाढत जातात.

आता ओळखा, मुतखड्याचा त्रास कोणत्या ऋतूत वाढतो? बरोबर, उन्हाळ्यात! पाणी घामावाटे जातं आणि लघवी घट्ट होते. म्हणूनच राजस्थानसारख्या रखरखीत प्रदेशात मुतखड्याचे रुग्ण खूप. घरात कुणाला झाला असेल, तर इतरांनाही होण्याची शक्यता जास्त असते. मिठाचाही यात हात आहे. वेफर्स, पापड, लोणचं फार खाल्लं, की लघवीत कॅल्शियम जास्त उतरतं.

मग कॅल्शियमवालं दूध बंद करायचं? मुळीच नाही! गंमत पाहा. पालकात ऑक्झलेट भरपूर आणि पनीरमध्ये कॅल्शियम. पालक-पनीर खाल्लं, की दोघांची गाठ आतड्यातच पडते आणि बरंचसं ऑक्झलेट मूत्रपिंडापर्यंत न जाता परस्पर बाहेर पडतं.

शाळेतलं स्वच्छतागृह घाण असतं म्हणून कितीतरी मुलं, विशेषतः मुली, दिवसभर पाणीच पीत नाहीत. हे फार वाईट. केरळमधल्या शाळांत २०१९ साली खास पाणी पिण्यासाठी ‘वॉटर बेल’ वाजू लागली. तुमच्या शाळेतही अशी घंटा हवी, असं बाईंना सांगा. स्वच्छतागृह स्वच्छ हवं, हेही न लाजता सांगा. आणि लघवीच्या रंगावर लक्ष ठेवा: फिकट पिवळा असेल तर छान, गडद दिसला तर लगेच बाटली उघडा!