बाळासाठी लेटेक्स गादी घेताय? आधी दाबून पाहा!

पुलगाव म्हणजे कापसाचा पट्टा. इथे घरोघरी कापसाची गादी. आता ऑनलाइन लेटेक्सचाही पर्याय आहे. लेटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. भारतात तो मुख्यतः केरळातून येतो. ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गादीत कृत्रिम रबरही मिसळलेले असू शकते. लेबल नीट वाचा.

१ वर्षाच्या आतील बाळासाठी मात्र पहिला निकष टणकपणा. तळहाताने दाबा, खोल खड्डा पडला तर ती गादी नको. तोंड रुतून श्वास अडू शकतो. नव्याने पिंजलेल्या फुगीर कापसाच्या गादीलाही हाच नियम. बाळाला पाठीवर झोपवा, उशी देऊ नका.

घरात कुणाला रबराची अ‍ॅलर्जी असल्यास आधी डॉक्टरांना विचारा. आणि लेटेक्स गादी उन्हात टाकू नका; उन्हाने रबर भुरभुरते. सावलीत वारा द्या.